तुम्हालाही बिबा उतला होता

सर, मी जानेफळला आले आहे. आमच्याच घरी, पण कामासाठी. तुमच्या भाषेत सांगायचं तर 'जागा बघायला'. माझ्या नव्या कादंबरीतलं घर हे आमचं घर आहे, म्हणून आठवडाभर इथे राहायचं, सकाळचं ऊन कुठून आत येतं ते बघायचं, मेहकरची बस थांबते तेव्हा कोण कोण उतरतं ते बघायचं, असं ठरवून पुण्याहून निघाले. आल्यावर एक-दोन दिवस तसं केलंही. आता ते सगळं बाजूला सारून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुमच्या शोकसभेत मी चांगलं बोलले होते, लोकांनी नंतर येऊन हात हातात घेतले होते, आणि आज त्यातलं एकेक वाक्य परत घ्यावंसं वाटतंय. मेलेल्या माणसाशी भांडून काही मिळत नाही हे मला कळतं. तरी भांडायचं आहे.

तुम्ही पुण्याहून मेहकरच्या कॉलेजात मराठी शिकवायला आलात तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते, हॉस्टेलवर राहायचे. आमचं बोलणं ऐकून तुम्ही इतरांसारखे हसला नाहीत, हे कबूल करते, म्हणजे पुढे कोणी मला एकतर्फी म्हणायला नको. मी सुलतानपूरच्या बाजारावर एक गोष्ट लिहिली होती. वर्गात सगळ्यांसमोर तुम्ही ती टेबलावर टाकलीत आणि म्हणालात, "यात बाजार कुठे आहे? घरी बसून बाजार लिहिता येत नाही, बाई. उठा आणि जाऊन बघा." मी रडले होते. पुढच्या बाजाराच्या दिवशी तुम्ही आम्हा चौघांना बसमध्ये घालून घेऊन गेलात. भर उन्हात आम्ही उभे. तुमचा हुकूम एकच, बघत राहायचं, विचारायचं नाही, विचारलं की माणूस खोटं बोलायला लागतो. समोरचा बांगडीवाला बराच वेळ आमच्याकडे बघत होता. शेवटी वैतागून म्हणाला, "काय बे, काऊन उभे हा? काही घ्याचं नसंन त सावलीत तरी बसा ना." आम्ही हसलो. तुम्ही ते वाक्य लिहून घेतलंत आणि म्हणालात, बघा, मी विचारलं नाही आणि मिळालं. मला त्या दिवशी तुम्ही फार मोठे वाटला होतात.

मग तुम्हाला आमचं घर बघायचं होतं. मी अभिमानानं घेऊन आले. बुद्ध पौर्णिमा होती, मायनं खीर केली होती, तुम्ही दोन वाट्या खाल्ल्यात. त्यानंतर तुम्ही एकटेच येऊ लागलात. सुट्टीच्या दिवशी सकाळच्या बसनं यायचात, मागच्या अंगणात बसायचात. तिथे माय बिबे फोडायची. ज्यानं हे काम पाहिलं नाही त्याला सांगावं लागतं. बिब्याचं वाळलेलं काळं फळ दगडावर उभं धरायचं, हातोडीचा एक ठोका घालायचा आणि आतली गोडंबी काढायची. ती गोडंबी व्यापारी घेऊन जातो, ती लाडवात पडते. बिब्यातलं काळं तेल मात्र फोडणारीच्या वाट्याला येतं. ते जिथे उडेल तिथे कातडी भाजते, फोड येतात, साल निघते, काळा डाग राहतो. बिबा उतला, असं म्हणतात त्याला. मायचे दोन्ही हात कोपरापर्यंत तसे आहेत, गालावरही एक डाग आहे. आमच्या गल्लीत निम्म्या बायांचे हात असेच होते. त्यात बघण्यासारखं काही आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

बाबा गवंडी. कामावरून आले की हातपाय धुवायचे, खोबऱ्याच्या तेलाची बाटली घेऊन ओट्यावर बसायचे आणि मायला हाक मारायचे. ती पदराला हात पुसत येऊन बसते. बाबा तिचा हात आपल्या मांडीवर घेतात, तळवा वर करतात, आणि बोटाबोटातून तेल लावतात. सगळी गल्ली येते-जाते, बाबा त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलतात, आणि हात चाललेलाच असतो. माय मधेच "हळू ना जी" म्हणते. तुम्ही ओट्याच्या टोकाला चहाचा कप घेऊन बसलेले. हे तुम्ही कितीतरी संध्याकाळी पाहिलंत, सर.

तुमची कादंबरी आली तेव्हा तुम्ही स्वतः सही करून एक प्रत मायला आणून दिलीत. मायला वाचता येत नाही. बाबा सातवीपर्यंत शिकलेले, ते रोज संध्याकाळी तिला मोठ्यानं वाचून दाखवू लागले. मी सुट्टीत घरी होते. आमचं घर ओळखू येत होतं, न्हाणीचा दगड, पत्र्याचा आवाज, सगळं बरोबर. एका कोपऱ्यात तुम्ही देव्हारा ठेवला होता आणि त्यात समई लावली होती. आमच्या घरात देव्हारा कधीच नव्हता. माय त्यावर हसली, म्हणाली, सरले आपला कोपरा सुना वाटला असंन. आम्हीही हसलो. मग ते प्रकरण आलं. दारू पिऊन आलेला नवरा बायकोचा हात धरतो आणि चुलीतल्या जाळावर धरून ठेवतो. रोज एक बोट. गालावरचा डाग उलथन्याचा. बाबा अर्धं पान मोठ्यानं वाचून गेले, मग आवाज हळू झाला, मग थांबला. ज्या माणसानं आयुष्यात दारूला तोंड लावलं नाही, तो पुस्तक मिटून म्हणाला, "आज उजेड कमी हाय." बाहेर चांगलं ऊन होतं. पुढचं पुस्तक कोणी वाचलं नाही.

मी स्टाफरूममध्ये तुमच्याकडे आले होते, आठवतं? म्हणाले, "सर, ते डाग बिब्याचे आहेत. बाबांनी कधी हात उगारला नाही." तुम्ही चष्मा काढलात. किती छान चेहरा केलात! "बिबा? खरंच मला माहीत नव्हतं. मी विचारत नाही, तुला ठाऊक आहे. मला जे दिसलं ते मी लिहिलं. आणि ती कादंबरी आहे, त्यात तुझे वडील नाहीत." मी तुम्हाला सॉरी म्हणून बाहेर आले. आज ते आठवलं की माझं मलाच थोबाडीत मारावंसं वाटतं.

पुस्तकाचं कौतुक झालं. प्रस्तावनेत तुम्ही जानेफळचं नाव घेऊन लिहिलं होतं की न पाहता यात एक ओळही आलेली नाही, आणि लोकांना तेच आवडलं. मग लोक ती जागा बघायला येऊ लागले. प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन यायचे, कोणी ओट्याचा फोटो काढायचं, कोणी चुलीचा. गावातल्यांना खरं माहीत होतं, त्यांचा प्रश्न नव्हता. प्रश्न येणाऱ्यांचा होता. ते मायकडे कळवळून बघायचे आणि बाबांकडे बघायचेच नाहीत. एकदा एका मुलीनं, मुलगी चांगली होती, डोळ्यात पाणी होतं तिच्या, मायचा हात धरून विचारलं, "आता तरी त्रास देत नाहीत ना?" बाबा दारातच उभे होते, तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि मागच्या दारानं निघून गेले. माय तिला म्हणाली, "हे बिब्याचं हाय, बाई." मुलीनं मान हलवली. तिला वाटलं, बिचारी नवऱ्याला पाठीशी घालते आहे. मायनं खरं सांगितलं तरी ते तुमच्याच गोष्टीत जाऊन बसायचं, अशी सोय तुम्ही करून ठेवली होती. त्या दिवसानंतर बाबांनी ओट्यावर बसून तेल लावलं नाही. घरात, दार लोटून लावतात. चाळीस वर्षांचा संसार झालेला माणूस बायकोचा हात हातात घ्यायच्या आधी बाहेर कोण आहे ते बघतो.

आणि तरी मी तुम्हाला माफ केलं होतं. माझी दोन पुस्तकं झाली, आता मलाही लोक शिबिरांत शिकवायला बोलावतात, आणि तिथे मी तुमची गोष्ट सांगते. माझे एक सर होते, म्हणते, डोळा तयार होता पण विचारायचे नाहीत, म्हणून एवढी मोठी चूक झाली. तेव्हा बघा, पण विचारा. मुलं लिहून घेतात. तुमच्या अज्ञानावर मी किती वर्षं पोट भरते आहे बघा.

परवा माय दारात डाळ निवडत बसली होती. मी कादंबरीसाठीच विचारत होते, सर यायचे तेव्हा तू नेमकी कुठे बसून बिबे फोडायचीस, सावली कुठे असायची. माय म्हणाली, "मांगंच, अंगणात. सर बी तिथंच बसे. अन् त्याइले उतला होता ना."

"कोणाले?"

"तुह्या सरले. किती मना केलं, आयकलंच नाही. मले फोडून पाहू द्या म्हणे. फोडले दोन-चार, अन् तोच हात तोंडाले लावला. दुसऱ्या दिवशी थोबाड हे एवढं सुजलं, डोये उघडेनात. इथंच होते मंग, या खाटेवर. कॉलेजात ताप आला म्हणून कळवलं."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"त्याइनंच मना केलं. पोरं हासतीन म्हणे." माय हसत होती. "अन् तेल कोण लावे, माहीत हाय? तुहा बाप. कामाहून आला का आंधी सरचा हात घे, मंग माहा. सर लेकरावानी ओरडत."

मी उठून मागच्या अंगणात गेले. तुमच्या मनगटावरचा तो काळा डाग मला आठवत होता. चहाचं पातेलं लागलं, असं तुम्ही वर्गात सांगितलं होतं.

तुम्हाला माहीत होतं, सर. बिबा म्हणजे काय हे तुमच्या कातडीला माहीत होतं. बाबांचा हात कसा लागतो, किती हलका, हेही माहीत होतं, कारण तो तुमच्याच मनगटावर फिरला होता. आणि मग तुम्ही मेहकरला जाऊन दिवा लावून बसलात आणि त्याच हाताला मायचा हात जाळावर धरायला लावलात. का, ते मी सांगते, कारण आता मीही हाच धंदा करते. बायकोच्या हाताला तेल लावणाऱ्या गवंड्याचं प्रकरण होत नाही. पुण्याकडच्या वाचकाला बिबा समजावून सांगत बसावं लागतं, मारकुटा नवरा सांगावा लागत नाही, तो त्याला आधीच पाठ असतो. आमच्या वस्तीत असंच असणार, हे तुम्ही आणि त्यानं मिळून आधीच ठरवलेलं होतं. मग आमच्याकडे आलात कशाला? खीर खायला? चूक माफ करता येते. तुम्ही चूक केली नाही. तुम्ही आमच्या घरी राहून, आमचं खाऊन, आजारपणात सेवा करून घेऊन, पूर्ण माहितीनिशी खोटं लिहिलंत, आणि वर मला समोर बसवून 'माहीत नव्हतं' म्हणालात. मला तुमची घृणा वाटते.

संध्याकाळी मी बाबांकडे गेले. ते मागे बाजेवर बसून दोरी वळत होते. मी म्हणाले, बाबा, मी हे सगळं लिहिणार आहे, जसं होतं तसं. ओटा, तेल, तुम्ही. सरचंही. बाबा दोरी वळत राहिले. मग म्हणाले, "खरं तेच लिवशीन तू, मले माहीत हाय. पण मंग लोक परत येतीन. हे खरं का ते खरं, पाह्याले. मले त्यात घेऊच नको."

"मंग लोकाइले समजंन कसं?"

"नाही समजलं त काय होते? तुह्या मायले माहीत हाय ना." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बोल दे मले."

मी शब्द दिला. बाबा नाहीत, ओटा नाही, तेल नाही. मग त्या कादंबरीत काही उरत नाही, म्हणजे ती आता होणार नाही. दोन वर्षांचं काम होतं. बाबांचा राग येत नाही. तुमचा येतो.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते बरंच आहे. मघाशी बाबा दारातून डोकावून म्हणाले, "काय लिवून राह्यली वं?" मी म्हणाले, पत्र लिहून राह्यली. "हाव का," म्हणाले आणि गेले. त्यांना खरं वाटलं. पण बाबा मायचा हात मांडीवर घेतात, ते वाक्य मी सकाळपासून पुन्हा पुन्हा खोडून लिहिते आहे. आधी त्यात गल्ली नव्हती, मायचं ते "हळू ना जी" नव्हतं. दोन्ही नंतर घातलं. आता ते चांगलं झालं आहे. पत्रासाठी कोणी एवढं करत नाही, सर, आणि हे तुमच्याशिवाय मी कोणाला सांगू?