आगगाडीच्या पिक्चरमधल्या पाट्या

बाबा, फुजैराला तुमचं कोणी होतं का? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता हे विचारणं शोभत नाही, कळतंय मला. पण माझी नोकरी कम्प्लायन्सची, संशय घ्यायचाच पगार मिळतो. आणि गेल्या रविवारपासून मनात पाल चुकचुकतेय, ती काही गप्प बसत नाही.

तो आगगाडीचा पिक्चर आठवतो? अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये आपण तिघं. तुम्ही आठवडाभर फुजैराच्या बंदरात, टर्मिनलवर, गुरुवारी संध्याकाळी घरी. शुक्रवारी सुट्टी, जेवणं झाली की आई सुपारी कातरत म्हणायची, "लावा की तो आगगाडीचा." मुका इंग्रजी पिक्चर, काळा-पांढरा. घोड्यांवरून दरोडेखोर येतायत, गाडी अडवतायत, गार्ड एकटा लढतोय, आणि गावात एक मुलगी त्याची वाट बघत बसलीय. मधूनमधून इंग्रजी पाट्या यायच्या. मी लहान, मला वाचता येत नव्हतं, आणि आईला इंग्रजी येत नाही हे तर आपण धरूनच चाललो होतो. मग पाट्या तुम्ही मराठीत वाचायचात, आवाज बदलून बदलून, आणि मला तुमच्याइतकं हुशार जगात कोणी वाटायचं नाही. शेवटच्या स्टेशनवर एक बाई त्या गार्डच्या गळ्यात पडते. "ही कोण?" मी विचारलं होतं. "बहीण त्याची," तुम्ही म्हणालात. "भाऊ जिवंत आला ना, म्हणून." आई म्हणाली, "असेल." मला वाटायचं, आईला घोडे आवडतात, म्हणून ती सारखा तोच पिक्चर मागते.

आता आई माझ्याकडे असते, अल रीमला. रविवारी माझ्या लेकीने तो पिक्चर नेटवर शोधून काढला आणि आजीला सोफ्यावर बसवून पाट्या मोठ्याने वाचायला लागली. मध्येच थांबली. "ममा, शी इज नॉट हिज सिस्टर. शी इज द बँडिट्स सिस्टर. ही इज चीटिंग ऑन द अदर गर्ल." पुढे गार्ड गावातल्या मुलीला तार करतो: ड्युटी वाढलीय, या आठवड्यात येता येणार नाही. बाबा, ती तार तुम्ही एकदाही वाचली नाहीत. त्या पाटीवर नुसतं स्टेशनचं नाव आहे, असं सांगायचात. मी आईकडे बघितलं.

"आई, तुला माहीत होतं?"

"तेव्हापासून. बोलता येत नव्हतं गं, वाचता येत होतं. शाळेत शिकवलं होतं की. आणि त्या पाट्या किती वेळ राहतात, माझ्यासारखीलाही पुरतात."

"मग दर शुक्रवारी तोच लावायला का सांगायचीस?"

"म्हटलं, एखाद्या शुक्रवारी तरी नीट वाचतील."

तेव्हापासून मी तुमची बाजू मांडत बसलेय, स्वतःशीच. लहान मुलीसमोर असलं कशाला, म्हणून बहीण म्हणाला असाल. मीच साप समजून भुई धोपटतेय. पण मग तार का गाळलीत? तारेत लहान मुलीपासून लपवण्यासारखं काय होतं? आपल्याकडेही गुरुवारी फोन यायचाच की, जहाज लागलंय, या खेपेला जमत नाही. आई "बरं" म्हणून रिसीव्हर ठेवायची आणि तुमच्यासाठी भिजवलेले वाल दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच खायचो. फार राग येतोय तुमचा. आणि तुमचा तो पाट्या वाचतानाचा आवाजही आठवतोय, त्याचं काय करू?

काल आई आपणहून म्हणाली, "काय विचारायचं ते विचार. सांगते. आता कोणाचं काय बिघडणार आहे?" मी म्हटलं, खलास, पुरे आता, आई, चहा टाकते.

तिला विचारलं तर ती खरं सांगेल. म्हणून तर तुम्हाला विचारतेय.