शिखराच्या अलीकडे

नाशिक,
१२ जून १९९८

प्रिय मोहिनी,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवतो. माझा अडकित्ता तुझ्याकडे राहिला आहे. बेस कॅम्पवर सगळ्यांच्या सॅकांचं वजन करताना तू तो माझ्या सॅकमधून, मेलेला उंदीर उचलावा तसा दोन बोटांत धरून बाहेर काढलास आणि सगळ्या बॅचसमोर विचारलंस, "गायधनी काका, ह्याचं वर काय काम?" आता इथे जेवण झालं की हात सवयीनं खिशात जातो आणि रिकामा बाहेर येतो. तुझी आई खलबत्त्यात सुपारी कुटून देते. ती खाताना आपण माणूस नसून कोंबडी आहोत असं वाटतं. वानप्रस्थात गृहस्थानं काय काय सोडावं हे मी चांगलं पाठ केलेलं आहे. त्यात अडकित्ता कुठेही नाही. आणि जन्मदात्याला 'काका' म्हणावं असंही कुठल्या शास्त्रात वाचल्याचं स्मरत नाही. अर्थात ती अट तू आधीच फोनवर घातली होतीस: कॅम्पवर मी लीडर, तुम्ही मेंबर, कुणाला नातं कळता कामा नये. मी मान्य केली होती. मान्य करताना ती इतकी कडक पाळली जाईल असं वाटलं नव्हतं, एवढंच.

तुला वाटलं असेल, बाबांना बावन्नाव्या वर्षी डोंगराची हौस आली. हौस कसली, मी हेर होतो. सप्टेंबरातल्या तुमच्या मोठ्या मोहिमेचं तू सांगितलंस तेव्हा आई "नाही" एवढंच म्हणाली आणि कणीक मळायला गेली. तूही एक अक्षर न बोलता उन्हाळी बॅचेस घ्यायला मनालीला निघून गेलीस. मधल्या मध्ये मी दोन्हीकडच्या गप्प बसण्याचा अर्थ लावत बसलो. शेवटी आईनंच फर्मान काढलं. "तुम्ही स्वतः जा. तिच्या हाताखाली चाला. पोरगी वर जाऊन काय करते ते डोळ्यांनी बघा आणि खरं खरं येऊन सांगा. मग मी ठरवीन." मला नाही म्हणायला तोंड नव्हतं. पंचवीस वर्षं अकरावीच्या पोरांना हिमालयाचं वर्णन शिकवतोय, आणि स्वतः पाहिलेला बर्फ तो मेनरोडवरच्या गोळेवाल्याकडचा.

तयारीचंही तुला नीट सांगितलं नाही. वजन घेऊन चढायचा सराव करा असं तू म्हणालीस. आईनं सॅकमध्ये आठ किलो गहू भरून दिले. रोज सकाळी मी पांडवलेणीच्या पायऱ्या गहू घेऊन चढायचो आणि उतरायचो. शनिवारी ती म्हणाली, तेवढं येताना गिरणीतून दळून आणा. तेव्हापासून ज्या पिठाच्या पोळ्या मी खाल्ल्या, ते पीठ लेणी पाहून आलेलं होतं. बूट देवळाली कॅम्पच्या बाजारातून घेतले, लष्करी, वापरलेले. दुकानदार म्हणाला, ह्यांनी सियाचीन पाहिलाय. खरं असावं, कारण पुढे प्रत्येक चढावर ते माझ्याआधी दमायचे.

गाडीत माझ्या समोरच्या बाकावर धोंडीराम होता, तुला आठवत असेलच, पिंपळगावचा द्राक्षबागाईतदार, बेदाण्यांची पाच किलोची पिशवी छातीशी धरून बसलेला. मनमाड यायच्या आत त्यानं त्याच्या दशम्या संपवल्या आणि मग सहज बोलता बोलता माझ्या संपवल्या. पुढचे सगळे दिवस एकाच तंबूत काढायचे आहेत हे कळल्यावर आम्ही भांडण पुढे ढकललं. बिचारा तुझ्यावर फार रागावलेला असायचा. "सर, ती मॅडम हे का फौजदार? बेदाण्याची पिशवी मोजून घेतली तिनं, समद्यांना वाटली. माझ्या बागेचा माल, अन् मला मूठभर." मी गंभीर चेहरा करून म्हणायचो, हो, पोरगी जरा कडकच आहे, घरच्यांनी लाडावून ठेवलेली दिसते.

काय दिवस होते ते, मोहिनी. देवदारांच्या खालून चालताना पायाखाली नुसता वास असायचा. ओढा ओलांडताना तू दोर धरून कमरेएवढ्या पाण्यात उभी होतीस आणि एकेकाला नावानं हाक मारून पलीकडे घेत होतीस. मी आलो तेव्हाही आवाज तोच, ना जरा मऊ ना जरा कडक. पहिल्यांदा बर्फ लागला तेव्हा मी खाली वाकून तो चाखला, न जाणो, गोळेवाल्यानं इतकी वर्षं फसवलं असलं तर. मग तू सगळ्यांना बुडावर बसवून उतारावरून घसरायला लावलंस. गावात ज्याला पाहून विद्यार्थी सायकलवरून उतरतात तो मनुष्य आरोळी ठोकत खाली गेला, आणि पुन्हा वर चढून रांगेत उभा राहिला. आणि तिसऱ्या मुक्कामी मी असं काही पाहिलं की आईला सांगितल्यावर तिनं दोनदा विचारलं, आपलीच मोहिनी ना? धोंडीरामच्या टाचेला फोड आले होते आणि तू त्याचा पाय मांडीवर घेऊन ते साफ करत होतीस. जिला ह्या घरात स्वतःचं ताट उचलून मोरीत नेणं जड जातं, ती. धोंडीराम लाजून तंबूच्या छताकडे बघत होता. त्या दिवसापासून 'फौजदार' म्हणताना त्याचा आवाज उतरला.

शिखराच्या दिवशी पहाटेच निघालो. वरच्या कड्यापर्यंत मी बरा होतो, निदान माझ्या मते. तू दोनदा मागे वळून बघितलंस. मग शेवटच्या बर्फाच्या चढाखाली सगळ्यांना बसवलंस आणि विरळ हवेत माझं डोकं ठिकाणावर आहे का ते बघायला माझ्यापाशी येऊन हळूच विचारलंस, "काका, काकूंचा वाढदिवस कधी असतो?" मला आठवेना. मी म्हणालो, हा पुरावा ग्राह्य नाही, तो मला नाशिकमध्येही आठवत नाही. तू हसली नाहीस. बर्फ फोडायच्या कुऱ्हाडीनं एक रेघ ओढलीस आणि तिच्यावरून टाचेला पाऊल लावत चालायला सांगितलंस. मी रेघेवर नाशिकहून निघालो आणि रेघ सोडून त्र्यंबकला पोचलो. समोर शिखर इतकं स्वच्छ दिसत होतं की वाटत होतं, रविवार कारंजावर उभं राहून मेनरोड बघतोय. मी म्हणालो, एवढंसं तर राहिलंय. तेव्हा त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच तू म्हणालीस, "बाबा, खाली फिरा."

शेजारी धोंडीराम बेदाणे चघळत होता, तो चघळायचा थांबला. "सर, ही तुमची पोरगी हे? मंग मी इतके दिस तुमच्यासमोर तिला काय काय बोललो..." त्याच्या चेहऱ्याकडे बघून तुलाही हसू आवरेना. मी सॅक उघडली आणि आईनं डोंगराला वाहायला दिलेला नारळ काढला. अडकित्ता जप्त होताना हा नारळ माझ्या स्लीपिंग बॅगच्या पोटात झोपलेला होता. तू त्या नारळाकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि तो स्वतःच्या सॅकमध्ये टाकलास. "नारळ चालला, अन् अडकित्ता नाय चालला," धोंडीराम म्हणाला. मग तू तुझ्या मदतनीस संतोषला माझ्याबरोबर खाली पाठवलंस आणि बाकीच्यांना घेऊन चढायला लागलीस. मागे वळून बघितलं नाहीस. मी बघत होतो. खालच्या खडकावर बसून, संतोषनं दिलेला गोड चहा पीत, पांढऱ्या उतारावरची ठिपक्यांची रांग बघत होतो, पुढे तुझी लाल टोपी. आयुष्यात मी बऱ्याच गोष्टींत पहिला आलो आहे. पण वर न पोचता इतका आनंद झाला, असं कधी घडलेलं नाही.

संध्याकाळी धोंडीरामनं माझा वाटा आणून दिला. नारळातलं पाणी गोठलं होतं म्हणे, खोबरं बर्फासकट फोडून खावं लागलं. मी विचारलं, वरून काय दिसलं? म्हणाला, "काय नाय सर, अख्ख्या तालुक्यावर पांढरी ताडपत्री टाकल्यागत." मी ह्या उपमेत दोष शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला. सापडला नाही. यंदा अकरावीला तीच सांगणार आहे.

घरी पोचलो तेव्हा आईनं पाणी द्यायच्या आधी विचारलं, "वर गेलात?" म्हटलं, नाही. "का?" म्हटलं, तुझ्या मुलीनं जाऊ दिलं नाही. शिखर समोर होतं, मी जाणार होतो, तिनं रेघेवरून चालवून बघितलं आणि परत पाठवलं. तिनं गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. ओढा, फोड, नारळ. वाढदिवसाचा भाग मी गाळणार होतो, पण तोही तिनं काढून घेतला. मग गॅस पुन्हा पेटवला. शेवटी म्हणाली, "बापालाही परत पाठवते ना? मग जाऊ दे तिला." दुसऱ्या दिवशी साऱ्या कॉलनीला माहीत झालं होतं की मोहिनीनं बापाला हिमालयातून हाकललं. शेजारच्या कमळाबाई सहानुभूती दाखवायला आल्या. आईनं त्यांना चहा पाजून तीच गोष्ट पुन्हा सांगितली, ह्या वेळी ओढा छातीएवढा.

तेव्हा सप्टेंबरला तू जा. आई लोकरीचे मोजे विणायला बसलीसुद्धा. अडकित्ता पोस्टानं पाठवू नकोस. ती मोठी मोहीम झाली की येताना स्वतः घेऊन ये, तोवर मी कुटलेली सुपारी खाईन. पण एवढं तर मी फोनवरही सांगितलं असतं. पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी, आणि फोन स्वयंपाकघराच्या दाराशी आहे, तिथून ती बोलता येत नाही. त्या दिवशी मी फिरलो, ते तू सांगितलंस म्हणून. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी वाद घातला असता, आणि वाद जिंकून वर गेलोही असतो. तू माझीच मुलगी आहेस. सप्टेंबरात तुझी पावलं वाकडी पडायला लागतील, शिखर अगदी समोर असेल, आणि कुणीतरी तुला म्हणेल, खाली फिर. तेव्हा तू ऐकशील की नाही, हे मला माहीत नाही. मला त्याची भीती वाटते, मोहिनी.

तुझाच,
बाबा