आहेत म्हणा, साहेब

ती. बाबांना धाकटीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे? शेक घेते ना?

पुढचं आधी तुम्ही एकट्यानेच वाचा. दादाचं विमान मंगळवारी परत आलं नाही. पडताना कुणी पाहिलेलं नाही, म्हणून सध्या बेपत्ता म्हणतात. तुम्हाला तार येईल, तिच्यातही एवढंच असेल.

त्याचे साहेब मुद्दाम आम्ही पॅराशूटच्या घड्या घालतो त्या खोलीत आले. म्हणाले, "तुमचे भाऊ फार हसतमुख होते."

मी म्हटलं, "आहेत म्हणा, साहेब."

"हो, हो, आहेत," ते म्हणाले. इतक्या पटकन कबूल झाले की मला ते खरंच वाटेना.

माझे डोळे भरून आले तशा आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "पोरी, रडायचं तर बाहेर जाऊन रड. कापड ओलं राहिलं तर चिकटेल आणि वर उघडायचं नाही." मी बाहेर गेले. मग तोंड धुतलं, हात कोरडे केले आणि पुन्हा घड्या घालायला उभी राहिले. ही पॅराशूट बांधून उडणारेही कुणाचे तरी भाऊच आहेत.

आईला तुम्हीच सांगा. पण सांगताना क्रियापदं सांभाळा. मला तुम्हीच ती घरी शिकवलीत, तरी माझी चूक झाली. आधीच्या कागदावर "दादाला तुमच्या हातचा चहा आवडायचा" असं लिहून गेले. तो कागद फाडला.

त्याला तुमच्या हातचा चहा आवडतो, बाबा.

तुमची,
धाकटी