पितळी झाक

प्रिय टिल्लू,

माझ्यापेक्षा वीतभर उंच झालीस तरी मी तुला हीच हाक मारणार. परवा तुझी आई सांगत होती, तुझ्या नव्या पार्लरमधून केस रंगवून गेलेल्या बायका तीन आठवड्यांत पितळी झाक घेऊन परत येतात आणि तू अगदी रडकुंडीला आली आहेस. दीड वर्ष आपण एकमेकींशी धड बोललेलो नाही. पण ते ऐकलं आणि माझे हात शिवशिवायला लागले. म्हटलं, निदान कामाचं तरी लिहावं.

आधी पाणी बघ. नळाच्या तोटीवर पांढरे पापुद्रे धरलेत का, बेसिनला तांबूस डाग पडलेत का? तसं असेल तर दोष तुझ्या हाताचा नाही. जड पाण्यातले क्षार केसांवर बसतात आणि फिका रंग पिवळा पडत जातो. मालकिणीच्या मागे लागून नळाला फिल्टर बसवून घे. दुसरं म्हणजे ब्लीच धुवायची घाई नको. केसांतला मूळचा तांबडेपणा पुरता निघायच्या आत पिवळेपणा मारणारा टोनर लावलास, तर टोनर चार धुण्यांत जातो आणि खालचं पितळ वर येतं. पोहायला जाणारीला सांग, तलावात उतरण्याआधी केस साध्या पाण्याने भिजव, म्हणजे तिथलं औषधी पाणी केसांत कमी मुरेल. उन्हात डोक्याला रुमाल हवा. आणि जांभळा शांपू आठवड्यातून एकदाच, दोन-तीन मिनिटं. बायका तो रोज चोळतात आणि मग केस राखेसारखे झाले म्हणून आपल्यालाच बोल लावतात.

पिवळ्यावर जांभळा, नारिंगीवर निळा. हे तू बारा वर्षांची असताना शिकलीस, आठवतं? शाळेची रंगपेटी घेऊन माझ्या पार्लरच्या दुकानातल्या मागच्या बाकावर बसायचीस आणि गुडघ्यांवर रंग मिसळून बघायचीस. एकदा तसेच रंगलेले गुडघे घेऊन घरी गेलीस, तर तुझ्या आईला वाटलं पोर कुठेतरी आपटली. तिने मलाच फैलावर घेतलं. मला मात्र त्या दिवशी कळलं होतं, की हिची नजर माझ्यापेक्षा तयार होणार.

म्हणूनच ग्रंथपाल बाईंचा तो दिवस माझ्या मनातून जात नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या निवृत्तीचा समारंभ होता. तू तीन तास खपून त्यांचे केस रंगवलेस आणि मी बाहेरून आले ती ओरडतच, “हे काय पितळ करून ठेवलंयस?” दुकान भरलेलं होतं. तू म्हणालीस, “मावशी, एकदा खिडकीपाशी येऊन नीट बघ ना.” मी कशाला बघते! बाईंना परत बेसिनपाशी बसवलं आणि स्वतःच्या हाताने टोनर चढवला, पुन्हा चढवला. मला केस छान रुपेरी दिसत होते. बाईंनी आरशात बघितलं आणि त्या डोक्याला ओढणी गुंडाळून निघून गेल्या. तू म्हणालीस, “काविळीच्या डोळ्याला सगळं पिवळंच दिसतं.” मी म्हणाले, “माझ्याकडे शिकून मलाच अक्कल शिकवू नकोस.” तू ॲप्रन काढून खुर्चीवर ठेवलास. दार आपटलंसुद्धा नाहीस. आपटलं असतंस तर मला रागावणं सोपं गेलं असतं.

तू गेल्यावर दुकान चालतच होतं, पण गिऱ्हाईक गळायला लागलं. शिंपीणबाई येईनाशा झाल्या. बँकेतल्या बाई एकदा हसत म्हणाल्या, “अहो, वांग्याच्या सालीचा रंग आलाय केसांना.” मी टोनरच्या कंपनीला नावं ठेवली. दुकानातले सगळे दिवे बदलले. मग टॉवेल पिवळट दिसायला लागले म्हणून धोबीदादांवर तोंडसुख घेतलं आणि स्वतःच ते निळीत बुडवून काढले, तरी समाधान होईना. शेवटी धोबीदादा एक टॉवेल घेऊन आले, माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, “ताई, हा आकाशासारखा निळा झालाय. रागावू नका, पण एकदा डोळे दाखवून या.”

रागावले, आणि गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या असतील. म्हणाल्या, डोळ्यातलं भिंग जुन्या बाटलीसारखं पिवळं पडलंय, चांगली तीन-चार वर्षं झाली असतील. हळूहळू पडत गेलं म्हणून तुम्हाला कळलं नाही. मी विचारलं, तीन-चार वर्षं नक्की? त्यांना वाटलं, मी ऑपरेशनला घाबरले.

गेल्या महिन्यात उजव्या डोळ्याचं झालं. पट्टी काढली आणि समोरची भिंत अशी पांढरीशुभ्र, की मी नर्सला विचारलं, आत्ताच रंग दिलाय का? उजवा डोळा झाकला की भिंत चहा सांडल्यासारखी, डावा झाकला की पांढरी. लहान पोरासारखी तोच खेळ खेळत बसले. आणि एकदम ग्रंथपाल बाईंचे केस आठवले.

गिऱ्हाइकांची कार्डं तुला माहीतच आहेत. रंग झाला की केसांची एक बारीक बट कापून चिकटवायची, ही शिस्त मीच लावलेली. दुकान उघडून ग्रंथपाल बाईंचं कार्ड शोधलं. माझ्या टोनरच्या आधीची, तू चिकटवलेली बट तिथे होती, खाली तुझ्या अक्षरात तारीख. खिडकीपाशी नेऊन नव्या डोळ्याने बघितली. पिवळ्याचा लवलेश नव्हता गं! इतका मऊ, थंड, सारखा रंग माझ्या हातून तीस वर्षांत मोजून चार-पाच वेळा उतरला असेल. मग तो डोळा झाकून जुन्या डोळ्याने बघितली, आणि काय सांगू, पितळ! ते माझंच उघडं पडलं होतं.

तशीच उठून ग्रंथपाल बाईंच्या घरी गेले. दारातच सगळं सांगितलं आणि हात जोडले. त्या मला आत घेऊन गेल्या, पाणी दिलं आणि म्हणाल्या, “तुमच्या भाचीने मला शपथ घातली होती, पण आता सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती घरी आली. दोन तास माझे केस धुऊन तो जांभळा रंग उतरवला आणि मला समारंभाला वेळेवर पोहोचवलं. जाताना म्हणाली, मावशीला कळू देऊ नका, तिला वाईट वाटेल.” टिल्लू, मी तुला भरल्या दुकानात बोलले होते, आणि तू बाहेर पडून माझीच अब्रू सांभाळत होतीस.

चारचौघांत बोलले होते, म्हणून गेल्या शनिवारी चारचौघांतच सांगितलं. दुकान भरलेलं असताना हातातला कंगवा खाली ठेवला आणि म्हणाले, त्या दिवशी पोरीचं बरोबर होतं आणि मी चुकले होते. एका हेअर ड्रायरचा आवाज चालू होता, तोही कुणीतरी बंद केला. पुढच्या गुरुवारी दुसरा डोळा होईल. त्यासाठी तू रजा काढून यावंस असं माझं म्हणणं नाही, परत माझ्याकडे कामाला ये असंही नाही. तिथे तुझं बस्तान बसतंय, बसू दे. तुझी आई म्हणत होती, एवढं लांबलचक लिहीत काय बसलीस, सरळ फोन लाव. पण फोनवर मी तोंड उघडायच्या आत तू “जाऊ दे गं मावशी” म्हणाली असतीस, आणि मीही सुटले म्हणून गप्प बसले असते. ते जाऊ देण्यासारखं नव्हतं, बाळा. मला माफ कर.

एका डोळ्याने नीट बघायला लागलेली,
तुझीच मावशी