दारातला नारळ

३ नोव्हेंबर
नागावला पोचलो एकदाचा! म्हसळ्याच्या कापडदुकानात सात वर्षं घड्या घातल्या, आता समुद्राकाठच्या होमस्टेचा मॅनेजर. पाच खोल्या, मागे नारळाची वाडी, आणि चाव्या नाहीतच. दारं, दिवे, पंप, सगळं मोबाइलच्या अ‍ॅपवर. अ‍ॅपने फोनमधल्या नावांपासून फोटोंपर्यंत सगळ्याची परवानगी मागितली. बटणं दोनच, 'हो' आणि 'नंतर'. कंटाळून सगळ्याला हो म्हटलं. न वाचता सही करण्यात आमच्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही. रविवारी माझी बायको मैथिली येतेय. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघांचं घर होणार, फार आनंद झालाय.

५ नोव्हेंबर
इथे साफसफाईला सगुणाबाई आहेत. खोली झाडण्याआधी त्या दारात एक असोला, न सोललेला नारळ अडकवतात, कारण दार आपलं आपण मिटतं आणि कुलूप लागतं. तेवढा वेळ अ‍ॅप ठणाणा करतं. दाराला कसला नैवेद्य दाखवताय, म्हणून मी चेष्टा केली. म्हणाल्या, "त्याचा भरवसा न्हाय." त्या आवाजाचा मला वीट आला. उद्यापासून नारळ बंद, असं बजावलं.

६ नोव्हेंबर
सकाळी दहाला चार नंबरचं दार मिटलं. सगुणाबाई आत. अ‍ॅप म्हणतं, खोली रिकामी आहे. आतून धडाधड दार वाजतंय. तक्रार केली. दोन मिनिटांत उत्तर आलं: तक्रार सोडवली, धन्यवाद. पुन्हा केली. पुन्हा धन्यवाद.

दुपारी दार कापायला वेल्डर काळूरामला आणलं. त्याने आधी खिडकीतून पाहिलं. पलंग नीट, चिटपाखरू नाही. वर सगुणाबाईंच्या घरी अ‍ॅपचा निरोप गेलाय, त्या दिघीला बहिणीकडे गेल्या म्हणून. माझं डोकं ठिकाणावर आहे का, असं विचारून तो निघून गेला. तो गेला आणि दार वाजलं. नारळ मीच काढायला लावला.

७ नोव्हेंबर
वाजणं मंदावलंय. पाणी मागतायत.
अ‍ॅपवर नवी सूचना: खोली ४ मोकळी करण्यासाठी बदली पाहुणा निवडा. खाली माझ्या फोनमधली सगळी नावं. मैथिलीच्या नावापुढे आधीच खूण. काढली. परत आली. माझं नाव घातलं. मॅनेजरला ही सोय नाही म्हणे. 'नंतर' दाबलं.

८ नोव्हेंबर
'रद्द करा' सापडलं. तळाशी, करड्या बारीक अक्षरांत. दाबलं. विचारतंय, रद्द करणं रद्द करायचं का? 'हो'. 'ठीक आहे'. दोनच. मी 'ठीक आहे' —
दार उघडलं. सगुणाबाई बाहेर आल्या. माझ्याकडे बघितलंही नाही, वाडीतून चालत गेल्या. दार मिटलं.
मैथिलीचा फोन लागत नाही. सासूबाई म्हणतात, आत्ता तर ओट्यापाशी होती, भाकरी तव्यावरच —

९, रविवार
आतून बांगड्या. 'अहो' म्हणतेय.
नारळ घेऊन उभा आहे. कुठे अडकवू? फटच नाही.
पाच तारे दिले तरच दार उघडण्याची विनंती पुढे जाईल. दिले. आता म्हणतंय, जवळचं एक माणूस सुचवा. आईच्या नावापुढे खूण. काढली — परत — काढली —
मैथिली रडतेय, अहो, दाबा ना, काहीही दाबा —
माझा अंगठा