माझे बाबा, फ्रेंचमध्ये

१४ ऑक्टोबर

आजपासून रोजनिशी. उद्या कोणी विचारलं की नोनॉय, तू एवढा शांत कसा, तर पुरावा असावा.

शाळेत बोलावणं होतं. मॅरिजो फ्रेंचच्या वर्गात तोंडच उघडत नाही, असं मॅडम तेत्रो म्हणाल्या. लिहिते सुरेख, समजतं सगळं, पण बोलायची वेळ आली की मूग गिळून बसते. वर त्यांचं म्हणणं असं की घरी तुम्ही इलॉन्गो बोलता, रस्त्यावर इंग्रजी, त्यात फ्रेंचचं ओझं कशाला? मार्चपर्यंत वाट पाहू, नाहीतर मुलीला इंग्रजी वर्गात घालू. मी शांतपणे सांगितलं की मॅडम, माझी पोरगी या देशाच्या दोन्ही राजभाषा, इंग्रजी आणि फ्रेंच, बोलून सरकारी खुर्चीत बसणार आहे, बापासारखी कारखान्यात डुकरांची हाडं सोलत बसणार नाही. अगदी शांतपणे. खुर्ची मोडली त्याचं कारण वेगळं. ती सहा वर्षांच्या पोरांसाठी केलेली होती. मी ती नुसती उचलली आणि परत ठेवली. जरा जोरात ठेवली असेन.

आम्ही इलोइलोची माणसं. अख्ख्या फिलिपिन्समध्ये आमची ख्याती आहे की आम्ही भांडतानाही अंगाई म्हटल्यासारखं बोलतो. राग आमच्या रक्तातच नाही.

निश्चय: रागवायचं नाही (तसाही रागवत नाही). स्वतः फ्रेंच शिकायचं. घरात फ्रेंचचं वातावरण करायचं. पोरगी वर्गात पोपटासारखी बोलली पाहिजे.

१९ ऑक्टोबर, जेवणानंतर

फोनवर फ्रेंच शिकवणारं ॲप घेतलं. दोन धडे फटाफट. तिसरा कपड्यांचा. बुटाचं चित्र आलं, मी मोज्यांचा शब्द बोललो. टुंग. परत बूट. परत टुंग. पाचव्यांदा टुंग झालं तेव्हा फोन हातून सुटला आणि समोरच्या भिंतीवर गेला. जेमा आणि मॅरिजो सोफ्यावर होत्या. भिंत तिथून चांगली लांब. इथल्या भिंती पुठ्ठ्याच्या, म्हणून खड्डा पडला. गावाकडची भिंत असती तर फक्त फोन फुटला असता.

फोनही फुटलाच.

जेमाने काचा गोळा केल्या. समजूतदार बायको.

८ नोव्हेंबर

पहिला मोठा बर्फ. शेजारचा म्हातारा रेआल जन्माचा फ्रेंच. त्याचं बर्फ उडवायचं यंत्र नेमका माझ्या गाडीच्या वाटेवर ढीग घालतं. नम्रपणे सांगायला गेलो. यंत्राच्या आवाजात त्याला ऐकू येईना, म्हणून फावडं दाखवलं. दाखवताना त्याची टपालपेटी मध्ये आली. फावड्याचे दोन तुकडे, पेटीचा भुगा. रेआल दारात उभा राहून मोठमोठ्याने चर्चमधल्या वस्तूंची नावं घ्यायला लागला. प्याला, वेदी, प्रसादाचा डबा, काही सोडलं नाही; चर्चचे शब्द आमच्याकडेही जवळजवळ हेच, म्हणून कळले. भाविक माणूस दिसतो. मी सगळे शब्द पाठ करून टाकले. फुकटची शिकवणी कोण सोडतो?

२१ नोव्हेंबर

पालकसभा. मॅडम तेत्रोंना रेआलचे सगळे शब्द एका दमात म्हणून दाखवले. मॅडम लालबुंद. मागच्या आयांची कुजबुज बंद. मला वाटलं, छाप पडली. मॅरिजोने बाही ओढली आणि कानात म्हणाली, बाबा, इथे या शिव्या आहेत.

येताना स्टिअरिंगशी थोडं बोललो. तेव्हापासून हॉर्न आपोआप वाजतो.

पण एक गोष्ट जमली. घरात फ्रेंच सुरू झालंय! कामावरून आलो, दार उघडलं, की आतून मॅरिजो आईला फ्रेंचमध्ये काहीतरी पटकन सांगते आणि जेमा उठते. रोज तेच वाक्य, पाठांतर चालू असेल. जेमालाही कळतं म्हणजे बघा, वातावरणाचा परिणाम.

२३ डिसेंबर

बोयेतकडे नाताळचं जेवण. बोयेत माझा पारे, मॅरिजोचा बाप्तिस्म्याचा बाप. भाजलेलं डुक्कर, पान्सितच्या नूडल्स, कॅराओके. माझं गाणं लागलं आणि बोयेतच्या मेव्हण्याने माइक घेतला. मी गोड आवाजात म्हटलं, दादा, हे माझं आहे. तो म्हणाला, गाणं काय तुझ्या बापाचं आहे का? माइक त्याच्या दाताला लागला. मग तो मला लागला. मग टेबल उलटलं, आणि नूडल्सचं पातेलं उडून मुलांच्या टेबलाशी पडलं. मॅरिजोच्या फ्रॉकवर थोडं उडालं, बाकी काही नाही. पातेलं गरम नव्हतं. फार गरम नव्हतं.

निरोप देताना बोयेत म्हणाला, पारे, पुढच्या वर्षी बायको-पोरीला पाठव, तू नाही आलास तरी चालेल. माझ्या दगदगीची किती काळजी त्याला.

११ जानेवारी

मॅरिजो घरात बूट घालून बसते! स्वच्छ फरशीवर, सोफ्यावर, अभ्यासाला, सगळीकडे. नाड्या बांधून. आमच्यात आत येताना बूट काढतात, शेजारच्या रेआलकडेही काढतात, आणि ही अकरा वर्षांची महाराणी बर्फाचे बूट घालून फ्रेंच लिहिते. म्हटलं, इंदाय, बाळ, काढ. काढले. संध्याकाळी परत घातलेले. मग मी स्वतः एक काढला आणि बाहेर टाकला. खिडकी बंद आहे हे ध्यानात आलं नाही. बूट तिच्या डोक्यावरून गेला. चांगला वीतभर वरून.

बाहेर उणे एकतीस. खिडकीला पुठ्ठा लावला. आता जेमाही बूट घालते. म्हणते फरशी गार पडते. ते मात्र पटण्यासारखं आहे.

निश्चय: वस्तू उचलण्याआधी येशूचं नाव घ्यायचं.

३० जानेवारी

शाळेच्या पालकसमितीत गेलो. मुद्दे तयार होते. एक टायवाला बाप उठला. म्हणे, ज्यांच्या घरात फ्रेंचचा गंध नाही त्यांची पोरं आमच्या पोरांना मागे खेचतात, त्यांना इंग्रजीत पाठवा. सगळे छताकडे बघायला लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तो राग नव्हता, न्याय होता. येशूचं नाव घेतलं. मग त्याचा टाय धरला. नाक फार नाजूक निघालं हो त्याचं. लहानपणी बॉक्सिंगमध्ये जिल्ह्याचं पदक मिळवलं होतं, तेव्हाची डावी मूठ अजून शाबूत आहे, हे कळून बरं वाटलं.

मुख्याध्यापिकेने सांगितलं की यापुढे मला फाटकाच्या आत येता येणार नाही. फाटकापर्यंत येता येईल. म्हणजे पूर्ण बंदी नाही.

मॅरिजो गाडीत मागे बसली होती, दाराच्या कडीवर हात ठेवून. मी म्हटलं, बघ, तुझ्यासाठी लढलो. ती हो म्हणाली.

९ फेब्रुवारी

देव पावला. फ्रेंच वक्तृत्व स्पर्धा! मॅडम तेत्रोंनी जेमाला फोन करून सांगितलं की मॅरिजोने स्वतः नाव दिलंय. स्टेजवर बोलली तर फ्रेंच वर्गातली जागा पक्की, इंग्रजीचा विषय संपला. मुलीने विषय निवडलाय: माझे बाबा.

माझे बाबा! डोळे भरून आले. आनंदाने भिंतीवर एक ठोसा. जुन्या खड्ड्याच्या शेजारी.

२० फेब्रुवारी

भाषणासाठी मुद्दे सांगितले. कष्टाळू. प्रेमळ. पदकविजेता. मुख्य म्हणजे शांत, हे ठासून सांग म्हटलं. ती लिहून घेत होती. मग तिने विचारलं, बाबा, एखादी गोष्ट फुटते त्याच्या आधी तुम्हाला काय वाटतं? शहाणी आहे पोरगी, खोलात जाते. मी विचार करून उत्तर दिलं. आधी मी शांत असतो. मग समोरची वस्तू काहीतरी करते.

तिने ते जसंच्या तसं उतरवून घेतलं.

भाषण दाखव म्हटलं तर म्हणाली, फ्रेंचमध्येच आहे. इलॉन्गोत सांग म्हटलं. म्हणाली, इलॉन्गोत नाही जमत. कपाळावर शीर उडत होती, पण येशू, येशू, येशू. फक्त कपबशी.

१४ मार्च

पहिला नंबर! माझ्या मुलीचा पहिला नंबर!

मला खास परवानगी मिळाली होती. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, शेजारी शाळेचा धिप्पाड शिपाई. मानाची जागा. परीक्षकांच्या टेबलावर पाहतो तर काय, म्हातारा रेआल! मनात म्हटलं, संपलं, हा टपालपेटीचा सूड उगवणार. हात शिवशिवायला लागले. शिपायाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. प्रेमळ माणूस.

मॅरिजो आली. बुटात. आणि काय बोलली! धबधबा. पाच महिने गप्प असलेली पोरगी ती हीच का, असं मॅडम तेत्रोंच्या तोंडावर लिहिलेलं. मला 'पापा' एवढंच कळत होतं, पण अभिनय असा की भाषा कशाला हवी? कानाला फोन लावून दाखवला, मग हात लांब फेकला. मी दर रविवारी गावी फोन करतो ना, ते. गुडघ्यावर फावडं मोडल्यासारखं केलं. माझे बर्फातले कष्ट. लोक खो खो हसत होते. विनोदबुद्धी बापाची घेतलीय. मग दोन्ही हात लांब धरले आणि एकेक वाक्य बोलत मधलं अंतर कमी करत आणलं. बापलेकीची जवळीक वाढत गेली, हे दाखवत असणार. हळूहळू हसू थांबलं. मुख्याध्यापिका डोळे पुसत होत्या. शेवटी खाली वाकून नाड्या घट्ट केल्या आणि दाराकडे बघत उभी राहिली. आम्ही रविवारी चर्चला निघतो ते.

मी सगळ्यात आधी उभा राहिलो. सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. बराच वेळ एकटाच वाजवत होतो. माणसं मागे वळून माझ्याकडे बघत होती. आयुष्यात इतक्या माणसांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

१५ मार्च, दुपारी

जेमा कालपासून कमी बोलते. आनंदाने होतं असं.

पान्सितचं ताट भरून रेआलकडे गेलो. माणसाने मन मोठं ठेवावं. त्याने दार अर्धं उघडून विचारलं, मारायला आलास की जेवू घालायला? मी हसून म्हटलं, आभार मानायला, माझं इतकं कौतुक तुम्ही ऐकून घेतलंत. तो बाहेर पायरीवर आला. म्हणाला, तुला खरंच काही कळलं नाही?

मग सांगितलं त्याने. इंग्रजीत, बर्फाच्या ढिगाशी, उभ्या उभ्याच.

ती म्हणाली होती: माझे बाबा कधीच रागवत नाहीत, ते स्वतः सांगतात. आमच्याकडे वस्तू आपोआप फुटतात. फोन फुटला तेव्हा भिंत लांब होती. पातेलं पडलं ते माझ्या टेबलाशी. बूट माझ्या डोक्यावरून गेला. बाबांनी मला अजून एकदाही मारलेलं नाही, पण अंतर मी मोजते, आणि ते कमी होत चाललंय. वर्गात मी बोलत नव्हते, कारण तोंड उघडलं की हेच बाहेर येईल अशी भीती होती. घरी बोलता येत नाही, कारण घरातल्या सगळ्या भाषा बाबांना येतात.

मी म्हटलं, मी शांत आहे.

रेआल म्हणाला, हेही वाक्य होतं भाषणात. लोक सगळ्यात जास्त त्यालाच हसले.

ताट त्याच्या दारावर गेलं. येशूचं नाव घ्यायला वेळच मिळाला नाही. रेआल हलला नाही. बाहीवरच्या नूडल्स झटकल्या, खाली फुटक्या ताटाकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. म्हणाला, वीतभर. शेजारी, कालच तुझ्या पोरीने मोजायला शिकवलं.

१५ मार्च, संध्याकाळी, गाडीत

रेआलकडून निघालो तो गल्लीला बऱ्याच चकरा मारल्या. ठरवलं, आत जाऊन गोड बोलायचं. आमच्या इलोइलोच्या आवाजात. दार इतकं हळू उघडलं की बिजागरीही वाजली नाही.

तरी तिला कळलं. आतून तेच रोजचं वाक्य आलं, घाईघाईने, दबक्या आवाजात. आणि मला ते समजलं. ॲपमधला तिसरा धडा. या वेळी टुंग झालं नाही.

आई, बूट घाल. ते आले.

फ्रेंचमधलं अख्खं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा समजलं. जेमा उठून बुटात पाय घालत होती, बर्फात पळायच्या तयारीत. मॅरिजोच्या नाड्या बांधलेल्याच होत्या. दोघी माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होत्या. हात रिकामे होते. मी ते दाखवणार होतो, पण हात वर केला तशी पोरगी आईच्या पुढे येऊन उभी राहिली.

दार बाहेरून ओढून घेतलं.

निश्चय काही सुचत नाही. इथे फार गारठा आहे. तो मेला हॉर्न पुढे जरा हललं तरी आपोआप वाजतो, आत दोघी दचकतील, म्हणून मागच्या सीटवर बसून लिहितोय.