दाराजवळची खुर्ची

अहो,

मध्यंतरातच थिएटरातून उठावं लागणाऱ्या माझ्या जोडीदारास सप्रेम नमस्कार.

जुळ्या नाती खुशाल आहेत. रडण्यात थेट बापावर गेल्यात. त्याच्याच लहानपणीच्या भोकाडापायी आपल्याला एकाही सिनेमाचा शेवट दिसला नाही, आणि आपण दाराजवळच्या खुर्च्यांत बसून ते मुकाट सोसलं! काल हाच कुलदीपक पोरी माझ्यावर सोपवून बायकोला घेऊन सिनेमाला निघाला. वर म्हणतो, "आई, तुला काय, सवयच आहे!"

शेजारणीने त्या सिनेमाचा शेवट मला आधीच सांगितला होता. तो बूट घालत असताना मी म्हटलं, "खून डॉक्टरने केलाय. सावकाश या."

सून पोट धरून हसली. तो अजून फुगलेला आहे.

गुडघा कसा आहे? खरं सांगा.

रविवारची दोन तिकिटं काढलीत. दाराजवळची नाहीत, ऐन मधली. पोरी बापाकडे राहतील. तुम्ही शनिवारी इकडे यायला निघा.

तुमचीच,
सूड घेतलेली